बसणे कमी कसे करावे? तान्ह्या बाळापासून ज्येष्ठांपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे दारात कोणी आले की तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘या, बसा’. सासरे पाणी घेण्यासाठी उठू लागले तर सून म्हणते, ‘बसा तुम्ही, मी आणते’. मूल हुंदडू लागले तर त्याला ‘एका जागी बस’ असा दम मिळतो. अभ्यासालाही आपण बसतो आणि गप्पांनाही बसतो. या बसण्यामागे आदर, माया आणि शिस्त असते. त्यामुळेच ते कमी करणे एकट्याच्या निश्चयावर सोडून चालत नाही, तर घर, शाळा आणि कामाची जागा यांच्या रीती थोड्या बदलाव्या लागतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

बसण्यात अपायकारक असे नेमके काय आहे?

बसणे वाईट नाही; न उठता बसून राहणे वाईट आहे. जागेपणी बसून, रेलून किंवा आडवे होऊन आपण जेव्हा विश्रांतीच्या जेमतेम दीडपट किंवा त्याहून कमी ऊर्जा खर्च करतो, त्या वेळेला शास्त्रीय परिभाषेत बैठा वेळ म्हणतात. झोप त्यात धरत नाहीत.

मांड्या, नितंब आणि पोटऱ्या यांचे स्नायू शरीरातील मोठ्या स्नायूंपैकी आहेत. ते आकुंचन पावतात तेव्हा रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतात. रक्तातील चरबीचे विघटन करणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर स्नायू हलते असतील तरच नीट काम करते. शिवाय पोटरी आवळली की पायांत साठलेले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. आपण तासन्‌तास बसून राहतो तेव्हा ही तिन्ही कामे मंदावतात.

हे निरीक्षण नवे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० च्या सुमारास शिंपी आणि चांभार यांच्या बैठ्या कामातून होणाऱ्या व्याधींविषयी लिहून ठेवले आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार अधिक आढळला. याच मॉरिस यांनी पुढे गणवेशांची मापे तपासली आणि चालक हे नोकरीत येतानाच कमरेने अधिक रुंद होते असे दाखवून दिले, म्हणजे सगळा दोष एकट्या बसण्याच्या माथी मारता येत नव्हता. संशोधकाचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो, आणि पुढील उत्तरांतही तीच सावधगिरी बाळगण्याचा प्रयत्न केला आहे.

मी रोज सकाळी अर्धा तास चालतो. मग दिवसभर बसलो तर काय बिघडते?

सकाळचे चालणे कोणत्याही कारणाने सोडू नये. मात्र दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे दिसले की, दिवसाला आठ तासांहून अधिक बसण्याशी जोडलेला अकाली मृत्यूचा वाढीव धोका रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करणाऱ्यांमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. अर्धा तास चालल्याने धोका कमी होतो, पण पुसला जात नाही. त्याच विश्लेषणात, रोज पाच तास किंवा त्याहून अधिक वेळ दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांचा धोका एवढ्या हालचालीनेही पूर्णपणे भरून निघाला नाही.

आपल्याकडे तर अर्धा तास चालणारेही निम्मेच भरतात. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातील जवळपास ४९ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे सांगितले.

दिवसाला जास्तीत जास्त किती तास बसलेले चालते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी तासांचा असा आकडा दिलेला नाही, कारण तेवढा पुरावा उपलब्ध नव्हता. बसण्याचा वेळ कमी करावा, त्याच्या जागी हलकी का होईना पण हालचाल आणावी, आणि आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे त्या सूचना सांगतात.

किती वेळाने उठावे आणि उठून काय करावे?

दर अर्ध्या तासाने उठावे आणि दोन ते पाच मिनिटे चालावे, असे मी सांगते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या प्रौढांनी दर २० मिनिटांनी केवळ दोन मिनिटे चालल्यावर जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी वाढले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील २०२३ च्या प्रयोगात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे चालणे हा साखरेच्या दृष्टीने सर्वांत परिणामकारक पर्याय ठरला. त्यात अवघे ११ जण होते, त्यामुळे हा आकडा काळ्या दगडावरची रेघ मानू नये. पाच मिनिटे शक्य नसतील तर एक मिनिट चालावे, पण उठावे.

आपल्या घरातील शतपावली येथे पुन्हा आठवायला हवी. साखर बिघडण्याचा धोका असलेल्या ज्येष्ठांवर झालेल्या २०१३ च्या एका प्रयोगात तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटे चालण्याचा दिवसभराच्या साखरेवरील परिणाम सकाळी सलग ४५ मिनिटे चालण्याइतकाच चांगला दिसला, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवण्यात तर ते अधिक सरस ठरले. शंभर पावले मिनिटाभरात संपतात. म्हणून नाव शतपावलीच ठेवावे, पण ती १५ मिनिटांपर्यंत लांबवावी. अंगण नसेल तर इमारतीचा व्हरांडा किंवा गच्ची पुरते.

कार्यालयात सारखे उठलो तर कामचुकार समजतील. काय करावे?

ही भीती खरी आहे आणि तिचे निराकरण कर्मचाऱ्याने नव्हे, वरिष्ठांनी करायचे असते. एका कार्यालयात मी याच विषयावर बोलण्यासाठी गेले होते. तेथे पाणी, चहा आणि फायली हे सारे शिपाई टेबलावर आणून देत असत, आणि जो जितका मोठा अधिकारी, तितके त्याला कमी उठावे लागे. हुद्द्याचा मान अशा रीतीने खुर्चीला बांधला गेला की हाताखालच्या माणसाला उठताना संकोच वाटणारच. विभागप्रमुख स्वतः उठून पाणी घेऊ लागले, सहकाऱ्याच्या टेबलापर्यंत चालत जाऊन बोलू लागले आणि बैठकीत अर्ध्या तासाने ‘आता दोन मिनिटे उभे राहू’ असे म्हणू लागले, तर महिन्याभरात वातावरण बदलते.

केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने कामाच्या ठिकाणी करण्यासाठी ‘वाय-ब्रेक’ नावाचा पाच मिनिटांचा योगक्रम तयार केला असून २०२१ मध्ये त्याचे मोबाइल ॲपही आणले. व्यवस्थापनाला काही अधिकृत आधार दाखवायचा असेल, तर तो उपयोगी पडतो. स्वतःपुरते करायचे असेल तर फोन उभ्याने घ्यावा, पाण्याची बाटली लहान ठेवावी म्हणजे ती भरण्यासाठी उठावे लागेल, आणि डबा खाऊन झाल्यावर लगेच संगणकासमोर परतू नये.

मग उभ्याने काम करण्याचे टेबल घ्यावे का?

घेतले तरी चालेल, पण त्यावर फार विसंबू नये. नुसते उभे राहण्याने बसण्यापेक्षा मिनिटाला जेमतेम ०.१५ किलोकॅलरी अधिक खर्च होतात, आणि दिवसभर उभे राहिल्याने कंबर दुखते, पाय सुजतात, शिरा फुगतात. हा त्रास वाहतूक पोलीस, शिक्षक आणि दुकानांतील विक्रेते यांना विचारावा. केरळमधील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दहा-दहा तास बसूच दिले जात नसे. त्यांनी लढा दिला, आणि २०१८ मध्ये केरळने व २०२१ मध्ये तमिळनाडूने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात बदल करून कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. बसणे कमी करण्याविषयी लिहिताना बसण्याच्या हक्कासाठी झालेला हा लढा मी मुद्दाम सांगते, कारण शरीराला हवी असते ती अदलाबदल: काही वेळ बसणे, काही वेळ उभे राहणे, काही वेळ चालणे.

शिवणकाम, विड्या वळणे, सोनारकाम, रिक्षा चालवणे अशी कामे बसूनच होतात. त्यांनी काय करावे?

नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला ‘दर अर्ध्या तासाने उठा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे आहे, याची जाणीव ठेवूनच सल्ला द्यायला हवा. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांना पाने, तंबाखू आणि सूप हाताशी लागते. त्यातील भिजवलेली पाने तरी उठून घ्यावी लागतील अशी चार पावले दूर ठेवता येतात. शिंप्याने इस्त्री आणि कापड बेतण्याचे काम उभ्याने करावे व ते दिवसाच्या एकाच वेळी न उरकता शिवणाच्या मध्येमध्ये पेरावे. रिक्षाचालकाने थांब्यावर रांगेत असताना गाडीतून खाली उतरावे. बसल्या बसल्या टाचा वर-खाली करण्याने पोटऱ्यांतील रक्त खेळते राहते, आणि त्यासाठी कामही थांबवावे लागत नाही.

मी गृहिणी आहे. दिवसभर घरातच फिरत असते. मला याची गरज आहे का?

केर, फरशी, धुणे, बाजारहाट ही सारी हालचालच आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही घरकामाला हालचालीत धरते. त्यामुळे ‘तुम्ही कुठे व्यायाम करता’ असे म्हणून कोणी हिणवत असेल, तर ते मनावर घेऊ नये. मात्र घरकामात श्वास थोडा वाढेल असे सलग श्रम आता कमी उरले आहेत, आणि संध्याकाळी मालिका पाहताना दोन-तीन तास न उठता जातात. जाहिराती लागल्या की उठावे. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही करावा. मंगळागौरीतील फुगडी, झिम्मा आणि पिंगा हे खेळ श्रावणापुरते राखून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

तान्ह्या बाळाला आणि लहान मुलांना हे कसे लागू पडते?

पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वतंत्र सूचना दिल्या, आणि येथे आकडे स्पष्ट आहेत. बाबागाडी, उंच खुर्ची किंवा अंगाला बांधलेली झोळी यांत मुलाला एका वेळी तासाभराहून अधिक जखडून ठेवू नये. रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथे ठेवावे. एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला किमान १८० मिनिटे हालचाल हवी. दोन वर्षांच्या आत पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांत तो तासाभरापेक्षा अधिक नको.

मोबाइल दाखवून भरवण्याची सवय येथे सर्वाधिक आड येते. बाळ दोन घास कमी खाईल ही भीती मी समजू शकते, पण भूक लागली की ते खाते.

मुले अभ्यासाला न बसली तर गुण कसे मिळतील?

अभ्यास आणि बसणे यांची आपण घातलेली गाठ सोडवायला हवी. पाढे चालत चालत म्हणता येतात, कविता येरझारा घालत पाठ होते, फळ्यावर उभ्याने गणित सोडवता येते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी असते; शाळा, शिकवणी आणि गृहपाठ यांच्यात ती तासभराची जागा राहतच नाही. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला द्यायचा आणि खोडी केली की उठाबशा काढायला लावायच्या, या दोन्ही रीती मला अतिशय अन्यायाच्या वाटतात. पहिलीने खेळ हिरावला जातो आणि दुसरीने हालचाल म्हणजे शिक्षा असे मूल शिकते. पालकसभेत याविषयी जरूर बोलावे.

आणखी एक लाभ पालकांना सहसा ठाऊक नसतो. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेच्या वेळापत्रकात रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवला, तेव्हा तीन वर्षांत त्या मुलांमध्ये नव्याने लघुदृष्टी (लांबचे अंधुक दिसणे) येण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के राहिले, तर इतर शाळांत ते सुमारे ४० टक्के होते.

आमचे आई-वडील थकले आहेत. त्यांना आराम द्यायला नको का?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. पण वयस्कर स्नायू फार लवकर झिजतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठ स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांतील चरबीविरहित वस्तुमान सरासरी जवळपास एक किलोने घटले. ‘बसा तुम्ही, मी आणते’ म्हणत आपण वर्षानुवर्षे हीच झीज थोडी थोडी घडवत असतो. मग एके दिवशी त्यांना शौचाला जाऊन उठता येत नाही, आणि आपण त्याला वय म्हणतो.

माझ्या वडिलांच्या निवृत्तीनंतर आमच्या घरातही हेच झाले. चहा हातात, वर्तमानपत्र हातात, औषधे हातात. दोन वर्षांत ते खुर्चीच्या हातांवर जोर दिल्याशिवाय उठेनासे झाले. तेव्हा आईने त्यांच्याकडे चार कामे सोपवली: सकाळचे दूध आणणे, कुंड्यांना पाणी घालणे, पूजेची फुले तोडणे आणि दुपारी दोरीवरचे कपडे काढणे. लसूण सोलणे आणि भाजी निवडणे हीही कामे आहेत, पण ती बसून होतात, म्हणून ती मोजली नाहीत. सोबत दिवसातून तीनदा खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणे-बसणे सुरू केले. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवून ती उंच केली होती, कारण खोल आणि मऊ सोफ्यातून उठणे तरुणालाही जड जाते.

६५ वर्षांनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे किंवा एका पायाच्या बोटांसमोर दुसऱ्याची टाच ठेवत चालणे एवढ्याने सुरुवात होते. पडण्याची भीती असेल तर माणसाला बसवून ठेवण्याऐवजी चटईच्या दुमडलेल्या कडा, ओली न्हाणीघराची फरशी आणि रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त करावा.

गुडघे दुखतात. चाललो तर झिजतील ना?

गुडघ्यांच्या सांधेझिजेत बेताचा, नियमित व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. थोडी दुखरी जाणीव चालते. दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकणारी वेदना किंवा सूज आली तर प्रमाण कमी करावे.

जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसणे हेही बसणेच का?

टांझानियातील शिकार करून व कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या हाडझा लोकांच्या अभ्यासात २०२० मध्ये असे दिसले की तेही दिवसाचे जवळपास दहा तास विसावलेले असतात. पण त्यांचा बराच वेळ उकिडवे किंवा गुडघे टेकून बसण्यात जातो आणि त्या स्थितीत पायांचे स्नायू खुर्चीपेक्षा अधिक काम करतात. त्यामुळे उकिडवे बसणे आणि सोफ्यात रुतणे यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. मांडी घालून बसण्याचा मोठा लाभ माझ्या मते जमिनीवरून उठण्यात आहे, कारण त्यात ताकद, तोल आणि लवचीकता तिन्ही लागतात. ज्यांना जमते त्यांनी दिवसातून एक जेवण तरी जमिनीवर बसून करावे. सांधेरोपण झालेल्यांनी आपल्या शल्यचिकित्सकाला विचारल्याशिवाय हे करू नये.

ज्यांना उभे राहताच येत नाही, त्यांचे काय?

त्यांच्यासाठीही बैठ्या वेळेत खंड पाडता येतो. बसल्या जागी दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे हातांनी पेडल फिरवल्यावर जेवणानंतरची साखर कमी वाढल्याचे प्रयोगात दिसले आहे. पेडल नसेल तर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलाव्यात. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांनी दर १५ ते ३० मिनिटांनी शरीराचा भार बदलावा, म्हणजे त्वचेवर दाबाच्या जखमा होत नाहीत.

लांबच्या प्रवासात काय काळजी घ्यावी?

मुलांकडे अमेरिकेला जाणारे आई-वडील हा प्रश्न हमखास विचारतात, पण रात्रभराच्या बसप्रवासालाही तो तितकाच लागू आहे. चार तासांहून अधिक प्रवासात पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मुळातला धोका लहान, म्हणजे साधारण सहा हजारांत एक, असल्याने घाबरण्याचे कारण नाही. विमानाशी याचा संबंध नाही, बसण्याशी आहे: १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना आश्रयस्थानांतील खुर्च्यांवर रात्र काढणारे काही लोक फुप्फुसात गुठळी अडकून दगावले, अशी नोंद तेव्हाच झाली होती. दर तासाला पावले घोट्यातून फिरवावीत, बस थांबली की खाली उतरावे, विमानात कडेची जागा घ्यावी. आधी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गर्भारपण असेल, तर प्रवासापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

रोज दहा हजार पावले चाललेच पाहिजे का?

नाही. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावातून रूढ झाला. अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युधोका २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता, आणि ७,५०० च्या पुढे लाभ फारसा वाढत नव्हता. आज दोन हजार होत असतील तर पुढच्या महिन्यात तीन हजारांचे ध्येय ठेवावे.

कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये?

एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे किंवा गरम लागणे, आणि त्यासोबत किंवा त्यानंतर अचानक धाप लागणे, हे गुठळीचे लक्षण असू शकते. अशा वेळी पाय चोळू नये आणि तडक रुग्णालयात जावे. चालताना छातीत दाटून येत असेल किंवा उठल्यावर वारंवार भोवळ येत असेल, तर हालचाल वाढवण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणानंतरचे चालणे वाढवताना डॉक्टरांना कळवावे, आणि खिशात खडीसाखरेचे चार खडे ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नये.